नांगलोई ते पहिले शंभर : सुमित नागलचा प्रवास

भारताचा टेनिसपटू सुमित नागल याने १२ फेब्रुवारी २०२४ रोजी पुरुष एकेरीच्या जागतिक क्रमवारीत ९८वे स्थान मिळवले. आदल्या दिवशी चेन्नई खुल्या चॅलेंजर स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्याने इटलीच्या लुका नार्दीचा ६-१, ६-४ असा पराभव केला होता. २०१९ मध्ये प्रज्ञेश गुणेश्वरन पहिल्या शंभरात होता. त्यानंतर एकेरीत हा टप्पा गाठणारा नागल पहिलाच भारतीय ठरला. त्यावेळी तो २६ वर्षांचा होता आणि चॅलेंजर दर्जाचे त्याचे पहिले विजेतेपद सव्वासहा वर्षे जुने झाले होते.

टेनिसमध्ये शंभर या आकड्याला असलेले महत्त्व केवळ प्रतिष्ठेचे नाही. ग्रँडस्लॅम स्पर्धेच्या मुख्य फेरीत १२८ खेळाडू असतात. त्यांपैकी १०४ जणांना क्रमवारीच्या आधारे थेट प्रवेश मिळतो, १६ जण पात्रता फेरीतून येतात आणि आठ जणांना वाइल्ड कार्ड दिले जाते. म्हणजे पहिल्या शंभरातील खेळाडूला वर्षातून चार वेळा पहिल्या फेरीच्या मानधनाची खात्री असते. त्यापलीकडे असलेल्याला मात्र मुख्य फेरी गाठण्यासाठी पात्रता फेरीतील तीन सामने जिंकावे लागतात.

सर्वांत खालच्या पायरीवर आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या १५ हजार डॉलरच्या स्पर्धा आहेत. ही रक्कम संपूर्ण स्पर्धेची असते. विजेत्याच्या हाती जेमतेम दोन हजार डॉलर पडतात आणि पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला दीडशेच्या आसपास डॉलर मिळतात. विमानप्रवास, निवास आणि प्रशिक्षकाचा खर्च खेळाडूने स्वतःच करावयाचा असतो. या स्पर्धेच्या विजेत्याला १५ गुण मिळतात, तर ग्रँडस्लॅम विजेत्याला २,०००. या दोहोंच्या मधली पायरी चॅलेंजर स्पर्धांची. भारतात चेन्नई, बंगळुरू, पुणे आणि नवी दिल्ली येथे अशा स्पर्धा झाल्या आहेत. दिल्लीची स्पर्धा आर. के. खन्ना स्टेडियममध्ये २०१४ ते २०१६ या काळात भरली आणि नंतर खंडित झाली. ती २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. घरच्या मैदानावरील अशा स्पर्धेचे मोल भारतीय खेळाडूला अधिक असते, कारण तेथे निदान परदेशप्रवासाचा खर्च वाचतो.

नागलचा जन्म १६ ऑगस्ट १९९७ रोजी हरियाणातील झज्जर येथे झाला. वडील शिक्षक होते. पुढे कुटुंब दिल्लीच्या पश्चिम टोकाला असलेल्या नांगलोई येथे राहावयास आले आणि तेथेच मुलाच्या हाती रॅकेट आली. दहाव्या वर्षाच्या सुमारास महेश भूपतीच्या ‘मिशन २०१८’ या योजनेसाठी त्याची निवड झाली. निवड चाचणीच्या वेळी आपण भूपतीचा हात धरून खेळ पाहण्याची विनंती केली होती, असे नागलने सांगितले आहे. २०१८ पर्यंत भारताला एकेरीतील ग्रँडस्लॅम विजेता मिळवून देणे हे या योजनेचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात योजना काही वर्षांतच गुंडाळली गेली. भूपतीने मदत सुरू ठेवल्याने नागल परदेशात सराव करू शकला. प्रथम कॅनडात व नंतर जर्मनीत.

२०१५ मध्ये व्हिएतनामच्या ली होआंग नामच्या साथीने त्याने विम्बल्डनचे मुलांचे दुहेरीतील विजेतेपद पटकावले. कनिष्ठ गटातील यशाने पुढची वाट सोपी होतेच असे नाही. दिल्लीच्याच युकी भांब्रीने २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेत मुलांच्या एकेरीचे विजेतेपद मिळवले होते, परंतु पहिल्या शंभरात येण्यास त्याला २०१५ साल उजाडले. नागलने २०१७ मध्ये बंगळुरू येथे पहिली चॅलेंजर स्पर्धा जिंकली. मात्र पुढच्याच वर्षी तो तीनशेच्याही मागे घसरला. २०१९ मध्ये पात्रता फेरी पार करून तो अमेरिकन खुल्या स्पर्धेत उतरला आणि रॉजर फेडररविरुद्ध पहिला सेट ६-४ असा जिंकला. त्या सामन्यात पराभव झाला, तरी देशाला त्याचे नाव कळले. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली त्याने एकेरीचा एक सामना जिंकला. १९९६ मधील लिअँडर पेसनंतर असे यश कोणाही भारतीयाला मिळाले नव्हते.

त्याच वर्षाच्या अखेरीस नितंबाच्या सांध्यावर शस्त्रक्रिया झाली आणि क्रमवारी पाचशेच्या पलीकडे गेली. २०२३ मध्ये रोम आणि फिनलंडमधील टाम्पेरे येथील चॅलेंजर स्पर्धा त्याने जिंकल्या. तरीही सप्टेंबरमध्ये एका मुलाखतीत त्याने बँकेत केवळ ९०० युरो शिल्लक असल्याचे सांगितले. तेव्हा तो देशातील एकेरीचा अव्वल खेळाडू होता. वर्षभरात २४ स्पर्धा खेळून त्याची कमाई सुमारे ६५ लाख रुपये झाली होती, तर केवळ एका प्रशिक्षकासह फिरण्याचा खर्च ८० लाख ते एक कोटीच्या घरात जात होता. या मुलाखतीनंतर दिल्ली लॉन टेनिस संघटना मदतीसाठी पुढे आली. बँकेतील शिल्लक जाहीर केल्याखेरीज ही मदत मिळू नये, ही बाब भारतीय टेनिसला भूषणावह नाही.

जानेवारी २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेत १३७व्या क्रमांकाच्या नागलने ३१वे मानांकन असलेल्या अलेक्झांडर बुब्लिकला सरळ सेटमध्ये हरवले. ग्रँडस्लॅमच्या एकेरीत मानांकित खेळाडूवर भारतीय पुरुषाने मिळवलेला हा ३५ वर्षांतील पहिला विजय होता. १९८९ मध्ये रमेश कृष्णन यांनी याच स्पर्धेत मॅट्स विलँडरला नमवले होते. दुसऱ्या फेरीपर्यंतच्या मजलीने नागलला एक लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे सुमारे ९८ लाख रुपये मिळाले. मागील वर्षाच्या २४ स्पर्धांच्या कमाईपेक्षा ही रक्कम मोठी होती. जुलैमध्ये तो ६८व्या स्थानी पोहोचला.

क्रमवारीतील गुण मात्र ५२ आठवड्यांनी वजा होतात. खेळाडूला गेल्या वर्षीचे यश पुन्हा मिळवावे लागते, अन्यथा तो खाली येतो. मेलबर्न आणि चेन्नईतील गुण गेल्यानंतर २०२५ च्या प्रारंभी नागल पहिल्या शंभरातून बाहेर पडला आणि त्याच वर्षी अडीचशेच्याही मागे गेला. खालच्या क्रमांकांवरील खेळाडूंचा विचार करून एटीपीने २०२४ पासून किमान उत्पन्नाची हमी देणारी योजना सुरू केली आहे. त्या वर्षी पहिल्या शंभरासाठी तीन लाख डॉलर, तर १७६ ते २५० क्रमांकांसाठी ७५ हजार डॉलर अशी मर्यादा होती. अडीचशेच्या पलीकडील खेळाडू तिच्या कक्षेत येत नाहीत.

सप्टेंबर २०२५ मध्ये स्वित्झर्लंडमधील बील येथे झालेल्या डेव्हिस चषक लढतीत भारताने यजमानांना ३-१ असे हरवले. युरोपीय संघावर त्याच्याच भूमीवर भारताने मिळवलेला हा १९९३ नंतरचा पहिला विजय होता. नागलने एकेरीचे दोन्ही सामने जिंकले. डेव्हिस चषकातील विजयासाठी २०१६ पासून क्रमवारीचे गुण दिले जात नाहीत.