मुखदुर्गंधीचा इतिहास : साक्ष, बाजार आणि मापन

बहुतेक व्याधींची पहिली वार्ता रोग्यालाच कळते. वेदना त्याची त्याला होते, ज्वर त्याला जाणवतो, दृष्टी मंदावली तर तेही त्याच्याच ध्यानात प्रथम येते. मुखदुर्गंधी हा या नियमाला मोठा अपवाद होय. ज्याच्या श्वासाला दुर्गंध येतो त्याचे घ्राणेंद्रिय त्या गंधाला सरावलेले असते. त्यामुळे स्वतःच्या व्याधीविषयी त्याला जे काही समजते ते इतरांच्या वर्तनावरून : कोणी बोलताना मान वळविली, कोणी नाकाशी रुमाल नेला, कोणी बाकावर थोडे सरकून बसले, यावरून. ही चिन्हे नेहमीच खरी असतात असेही नाही. आपल्या व्याधीचा साक्षीदार आपण होऊ शकत नाही आणि दुसऱ्याची साक्ष संकोचामुळे उघडपणे मिळत नाही, अशा विलक्षण अवस्थेत मनुष्याला वर्षानुवर्षे काढावी लागतात. या व्याधीचा इतिहास पाहू गेल्यास तो औषधांच्या इतिहासाहून अधिक या साक्षीच्या प्रश्नाचा इतिहास आहे असे दिसून येते. शास्त्राने या विषयाकडे वळण्यास एवढा विलंब का लावला, याचेही उत्तर बव्हंशी त्यातच सापडते.

(१) प्राचीन समाजांतील साक्ष

प्लूटार्क या ग्रीक ग्रंथकाराने शत्रूपासूनही लाभ कसा करून घ्यावा या विषयावरील आपल्या निबंधात सिराक्यूजचा राजा हिएरॉन याची एक कथा दिली आहे. एका शत्रूने हिएरॉनच्या तोंडाला दुर्गंध येतो म्हणून त्याची निर्भर्त्सना केली. राजाने घरी येऊन पत्नीला विचारले की, ही गोष्ट तू मला आजवर का सांगितली नाहीस? सर्वच पुरुषांच्या तोंडाला असा वास येत असावा असे आपल्याला वाटले, असे उत्तर तिने दिले. चौथ्या-पाचव्या शतकांतील ख्रिस्ती पंडित जेरोम याने हीच कथा रोमन सेनानी डुइलियस आणि त्याची पत्नी बिलिया यांच्या नावावर सांगितली आहे. दोन्ही ग्रंथकारांना ही कथा पातिव्रत्याचा दाखला म्हणून हवी आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तिच्यात दुसरे काही दिसते. जो गंध राजाला स्वतःला ठाऊक नव्हता, तो पत्नीने सोसला आणि मित्रांनी झाकला. अखेर तो सांगितला शत्रूने. हिताची साक्ष अपमानाच्या रूपानेच मिळावी, हा या व्याधीतील नित्याचा अनुभव या लहानशा कथेत नोंदला गेला आहे.

यहुदी धर्मशास्त्रात हा विषय विवाहाच्या कायद्यात आलेला आहे. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथाच्या 'केतुबोत' प्रकरणात ज्या पतींना काडीमोड देण्यास भाग पाडता येते त्यांची यादी आहे. चर्मकाराचा व ताम्रकाराचा धंदा करणाऱ्यांबरोबर 'पॉलिपस' असलेला पुरुष त्या यादीत येतो. या शब्दाचा अर्थ नाकाची दुर्गंधी की तोंडाची, याची चर्चा पुढे तालमूदमध्ये झाली. विवाहापूर्वी पत्नीला हा दोष माहीत असला तरी, 'मला सोसवेल असे वाटले होते, पण आता सोसवत नाही', असे म्हणण्याचा तिचा अधिकार रब्बी मेइर यांनी मान्य केला. येथे सहवास करणाऱ्या व्यक्तीची साक्ष कायद्याने ग्राह्य मानली आहे. ज्याला दोष आहे त्याच्या उपचाराचा विचार मात्र कायद्याच्या कक्षेत येत नाही.

(२) भारतीय परंपरा : दिनचर्या आणि पाप

भारतीय परंपरेत या विषयाच्या दोन धारा आढळतात आणि त्या परस्परांपासून फार भिन्न आहेत. पहिली धारा वैद्यकाची. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात दंतधावनानंतर जिव्हानिर्लेखन, म्हणजे जीभ खरवडून स्वच्छ करणे, सांगितले आहे. त्यासाठी सोने, रूपे, तांबे इत्यादी धातूंच्या, धार नसलेल्या वक्र पट्ट्या वापराव्या असे म्हटले आहे. त्याचे कारणही तेथेच दिले आहे : जिभेच्या मुळाशी साचलेला मळ श्वासाला अडथळा करतो आणि दुर्गंधी उत्पन्न करतो. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातही बारा अंगुळे लांबीच्या दातवणाचे आणि दहा अंगुळे लांबीच्या जिव्हानिर्लेखनाचे विधान आहे. जायफळ, लवंग, कंकोळ, वेलदोडे, कापूर व नागवेलीचे पान मुखात धारण करण्याचा चरकाचा उपदेश पुढे विड्याच्या रूपाने घरोघरी रूढ झाला. यांत 'जिभेच्या मुळाशी' हा निर्देश विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्याचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

दुसरी धारा धर्मशास्त्राची. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पूर्वजन्मीच्या पापांमुळे देहावर उमटणाऱ्या चिन्हांची गणना आहे. तीत चहाडी करणाऱ्याला नाकाची दुर्गंधी आणि दुसऱ्यावर खोटे दोष ठेवणाऱ्याला तोंडाची दुर्गंधी प्राप्त होते असे सांगितले आहे. वाणीने पाप केले म्हणून वाणीच्या स्थानी शिक्षा, असा हा न्याय आहे. वैद्यकाने ज्याला मळ म्हटले त्याला धर्मशास्त्राने कर्मफळ म्हटले. मळ खरवडून काढता येतो, कर्मफळाला तसा उपाय चालत नाही. या दुसऱ्या विचाराचा अवशेष आजही टिकून आहे. मुखदुर्गंधी असलेला मनुष्य अस्वच्छ, आळशी किंवा दुर्वर्तनी असलाच पाहिजे, हा जो सर्वसाधारण समज आढळतो, तो धर्मग्रंथ न वाचलेल्यांतही आढळतो.

(३) जंतू आणि बाजार

१६८३ साली डेल्फ्टच्या अँटनी व्हॅन ल्यूव्हेनहूक याने लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात आपल्या दातांवरील पांढऱ्या किटणात हालचाल करणारे सूक्ष्म जीव दिसल्याचे कळविले. आपण दात मिठाने नित्य घासतो, असेही त्याने नमूद केले होते. या निरीक्षणाचा रोगाशी संबंध जोडला जाण्यास दोनशे वर्षे जावी लागली. बर्लिन येथे रॉबर्ट कॉखच्या विद्येचा लाभ घेतलेला अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर याने १८९० साली मानवी मुखातील सूक्ष्मजंतूंवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तत्पूर्वी १८७४ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर जोसेफ हौ यांनी श्वास आणि त्याला दुर्गंध आणणारे रोग यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या विषयाचे शास्त्रीय संशोधन सुरू होण्यास लागणारी बहुतेक सामग्री हाताशी आली होती.

पण पुढची चाल संशोधनाने न करता व्यापाराने केली. लिस्टरीन हे जंतुनाशक १८७९ साली अमेरिकेत तयार झाले. शस्त्रक्रियेत जंतुनाशनाची पद्धती आणणाऱ्या जोसेफ लिस्टरचे नाव त्याला देण्यात आले होते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्याच्या उत्पादकांनी मुखधावन म्हणून त्याची जाहिरात केली आणि 'हॅलिटोसिस' हा वैद्यकीय वळणाचा, सामान्य जनांना अपरिचित शब्द घरोघरी पोहोचविला. लग्न न जमणारी तरुणी आणि मित्रांनी टाळलेला तरुण यांची चित्रे या जाहिरातींत असत. तुमचा जिवलग मित्रही तुम्हाला सांगणार नाही, हे त्यांचे मुख्य सूत्र होते. हिएरॉनच्या कथेत जी गोष्ट सहज आली होती, तिचे येथे भांडवल झाले. मनुष्याला स्वतःचा दोष कळत नाही, म्हणून प्रत्येकाने तो आहे असे गृहीत धरावे, असा हा युक्तिवाद होता. याचे दोन परिणाम झाले. निरोगी माणसांच्या मनात शंका उत्पन्न झाली हा पहिला. दुसरा परिणाम अधिक गंभीर होता. हा विषय प्रसाधनांच्या दुकानाचा आहे, प्रयोगशाळेचा नव्हे, असा ग्रह विद्वानांतही पसरला.

(४) मापनाचा प्रारंभ

या ग्रहाला न जुमानता अमेरिकेत फॉस्डिक व त्यांचे सहकारी यांनी १९३९ साली ऑस्मोस्कोप या उपकरणाने केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. दुर्गंधित हवेत शुद्ध हवा ठरावीक प्रमाणात मिसळत जावयाची आणि परीक्षकाच्या नाकाला गंध जाणवेनासा होतो तो बिंदू पाहून गंधाची तीव्रता ठरवावयाची, अशी ही रीत होती. परीक्षक येथेही मनुष्यच होता. परंतु तो रोग्याचा आप्त नव्हता की शत्रूही नव्हता. साक्ष प्रथमच तटस्थ झाली.

यानंतरचे निर्णायक कार्य कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे जोसेफ टॉनझेटिक यांचे होय. १९६४ साली त्यांनी रिक्टर यांच्यासह लाळेतील गंधयुक्त बाष्पशील द्रव्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि १९७१ साली वायुवर्णलेखनाच्या साहाय्याने मुखातील हवेतील गंधकयुक्त द्रव्यांचे प्रत्यक्ष पृथक्करण केले. हायड्रोजन सल्फाइड, मिथाइल मर्कॅप्टन आणि डायमिथाइल सल्फाइड ही ती द्रव्ये होत. लाळेतील, अन्नकणांतील व गळून पडलेल्या पेशींतील प्रथिनांचे जंतूंकडून विघटन होते आणि गंधक असलेल्या ॲमिनो अम्लांपासून ही द्रव्ये निर्माण होतात. त्यांचे एक प्रमुख स्थान जिभेचा मागचा भाग हे आहे, असे ठरले. चरकाचा निर्देश अशा रीतीने रसायनशास्त्राच्या कसोटीला उतरला. मात्र चरकाला जंतू ठाऊक होते असा निष्कर्ष यावरून काढणे अनैतिहासिक होईल. निरीक्षण बरोबर असावे आणि त्याची उपपत्ती पुढे फार काळाने लागावी, याचे हे उदाहरण होय.

१९९१ साली तेल अवीव विद्यापीठाचे मेल रोझेनबर्ग यांनी कारखान्यांतील सल्फाइड मोजण्याचे यंत्र या कामी वापरून दाखविले आणि मापन दवाखान्यापर्यंत आले. स्वतःच्या मुखगंधाविषयी माणसाने केलेला अंदाज आणि तटस्थ परीक्षकाचा निर्णय यांचा मेळ बसत नाही, हेही १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत दिसून आले. बेल्जियममधील लुव्हेन येथील चिकित्सालयाने २००० रुग्णांचा वृत्तांत २००९ साली प्रसिद्ध केला. त्यांपैकी सुमारे ७६ टक्के रुग्णांत कारण मुखातच होते. ४३ टक्के रुग्णांत केवळ जिभेवरील थर हेच कारण आढळले. सुमारे १६ टक्के रुग्णांत तक्रार असूनही दुर्गंधी आढळली नाही.

(५) रक्तातून येणारा गंध

या शेवटच्या गटापाशी प्रश्न कठीण होतो. दुर्गंधी नसताना ती आहे असा दृढ समज होणे ही खरी आणि दुःखद मनोव्याधी आहे. १९७१ साली प्राइस-फिलिप्स यांनी तिचे सविस्तर वर्णन केले आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ साली अमलात आलेल्या अकराव्या रोगवर्गीकरणात तिला स्वतंत्र स्थान मिळाले. परंतु यंत्राने 'नाही' म्हटले म्हणजे गंध नाहीच, असे मानता येते काय?

श्वासाचा गंध मुखाबाहेरूनही, रक्तातून फुप्फुसांवाटे येऊ शकतो हे वैद्यकाला अपरिचित नव्हते. यकृताच्या तीव्र विकारातील श्वासगंधाशी मिथाइल मर्कॅप्टनचा संबंध चॅलेंजर व वॉल्श यांनी १९५५ साली दाखविला होता. १९७० साली 'लॅन्सेट'मध्ये देहाला माशासारखा गंध आणणाऱ्या ट्रायमिथाइलअमाइनच्या विकाराचे वर्णन आले आणि त्याच्या मुळाशी असलेला एफएमओ-३ या जनुकातील दोष १९९७ साली सापडला. या द्रव्यात गंधकच नसते. अर्थात सल्फाइड मोजणाऱ्या यंत्राला ते दिसणे शक्य नाही. नेदरलँड्समधील टॅंगरमन व विंकेल यांनी २००७ साली रक्तातील डायमिथाइल सल्फाइडमुळे होणारा मुखबाह्य प्रकार दाखवून दिला. प्रचलित सल्फाइडमापकाची या द्रव्याबाबतची संवेदनक्षमता अल्प असते. २०१८ साली 'नेचर जेनेटिक्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने याचा उलगडा केला. कोबीसारखा श्वासगंध असलेल्या पाच रुग्णांत सेलेनबीपी-१ या जनुकात उत्परिवर्तने आढळली. मिथाइल मर्कॅप्टनचे विघटन करणारे विकर त्यांच्या शरीरात कार्य करीत नव्हते. हा दोष कदाचित फारसा विरळ नसावा असेही त्या संशोधकांनी सुचविले आहे.

या शोधाचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. अशा माणसाने दात कितीही घासले, जीभ कितीही खरवडली, तरी गंध जाणार नाही. त्याचे हिरडे व दात निर्दोष दिसतील आणि साध्या यंत्राचा काटाही फारसा हलणार नाही. २०१८ पूर्वी त्याच्या तक्रारीचे जनुकीय कारण शास्त्राला ठाऊक नव्हते आणि ती कल्पित ठरण्याची शक्यता मोठी होती. ज्याला शेजारी अस्वच्छ म्हणतो आणि चिकित्सक भ्रमिष्ट म्हणतो, त्याला जाण्यास तिसरे ठिकाण उरत नाही.

(६) उपसंहार

या इतिहासातून संशोधनाची दिशा पुरेशी स्पष्ट होते. मुखातील कारणांबाबतही ज्ञान अपुरे आहे. उपचारांविषयीच्या ४४ चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने २०१९ साली घेतलेला आढावा, उपलब्ध पुरावा अल्प किंवा अत्यल्प विश्वासार्हतेचा आहे, या निष्कर्षावर आला. हजारो वर्षांची परंपरा आणि शंभर वर्षांचा भरभराटीचा व्यापार यांच्या मानाने हे फळ तोकडे आहे. मुखबाह्य प्रकार शोधण्यास लागणारी रासायनिक व जनुकीय परीक्षा थोड्याच ठिकाणी होऊ शकते. ती सुलभ होईपर्यंत 'दुर्गंधी आढळली नाही' आणि 'दुर्गंधी नाही' या दोन विधानांतील भेद चिकित्सकाने पाळणे अगत्याचे आहे.

इतिहासाच्या अभ्यासकालाही येथे काम आहे. वैद्यांची बाडे, विवाहविषयक वादांची कागदपत्रे, नियतकालिकांतील दंतमंजनांच्या जाहिराती या साधनांतून मराठी समाजाने या व्याधीकडे कसे पाहिले हे तपासता येण्याजोगे आहे. मात्र अशी साधने वाचताना एक सावधगिरी हवी. त्यांत बोलतो तो बहुधा शेजारी, पती, पत्नी किंवा विक्रेता. ज्याच्या तोंडाला दुर्गंध येतो त्याचे स्वतःचे म्हणणे क्वचितच नोंदलेले असते, कारण त्याने तोंड उघडू नये हीच सर्वांची अपेक्षा होती. हिएरॉनला निदान पत्नीला विचारण्याची सोय होती. ज्यांना तीही नव्हती, त्यांच्याकरिता तटस्थ आणि सहृदय साक्षीदार निर्माण करणे हे शास्त्राचे या विषयातील अपुरे राहिलेले कर्तव्य होय.