छावणीचे झाले शहर

राहण्यास उत्तम जागा कोणती, असा प्रश्न निघाला की आपण हवापाणी आणि शेजार पाहू लागतो. ग्वाल्हेरच्या मराठी वस्तीचा इतिहास मात्र निराळा आहे. दौलतराव शिंद्यांची राजधानी उज्जैन. तेथे १८०१ साली यशवंतराव होळकरांनी शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. पुढे १८०५ च्या तहाने ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांकडे परत आला, आणि १८१० मध्ये दौलतरावांनी त्याच्या दक्षिणेस छावणी दिली. वैशाखात अंग भाजून काढणारा हा मुलूख. पण पाठीशी किल्ला होता. पुढे तंबू गेले, वाडे उठले; नाव मात्र ‘लष्कर’ असेच राहिले. महाराज बाड्याजवळचा टोपी बाजार याच लष्करातला. कविवर्य भा. रा. तांबे १९४१ साली ग्वाल्हेरीतच निवर्तले. त्यांची मराठी कविता महाराष्ट्रापासून इतक्या दूर बहरली. फौजेने जागा हेरली ती निभाव लागावा म्हणून. तिला राहण्याजोगी केली ती तेथे चूल मांडून, लेकरांशी आपल्या भाषेत बोलत राहिलेल्या घरांनी. घर सोडून दूर निघालेल्यांनी एवढे ध्यानी ठेवावे.