मधल्या शब्दांची गोष्ट

जामखेडसारख्या गावांतून शहरातल्या कॉलेजात विज्ञान शाखेला आलेल्या मुलामुलींशी आमची अधूनमधून गाठ पडते. ही मुले दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली, चांगल्या गुणांनी पास झालेली आणि प्रश्न विचारायला न बिचकणारी असतात. अकरावीचे इंग्रजी पुस्तक हाती आले की मात्र त्यांच्यातली काही गप्प होतात. अडते कुठे ते पाहावे म्हणून आम्ही एकदा जामखेडच्या एका विद्यार्थिनीला भौतिकशास्त्राचे एक पान दिले आणि न कळलेल्या शब्दांखाली रेघा मारायला सांगितले. रेघा 'ॲक्सिलरेशन', 'मोमेंटम' अशा शब्दांखाली येतील असा आमचा अंदाज होता. तो साफ चुकला. हे शब्द पुस्तकातच समजावून दिलेले असतात, शिक्षकही फळ्यावर लिहून देतात. रेघा होत्या त्या 'अझ्युम', 'डिराइव्ह', 'कन्सिस्ट', 'इंडिकेट', 'व्हेरी' या शब्दांखाली. विज्ञान तिला कळत होते. ते ज्या वाक्यांत लिहिले होते ती वाक्ये कळत नव्हती.

दहावीपर्यंत तिला हे शब्द कुणीच कसे शिकवले नाहीत? उत्तरासाठी थोडे मागे जाऊ.

जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला १७९५ मध्ये मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. त्यानंतर २३ वर्षांनी, १८१८ मध्ये, पेशवाई संपली आणि राज्य कंपनी सरकारचे झाले. तेव्हा परक्या भाषेतले शब्द शिकण्याची निकड आधी साहेबांनाच भासली, कारण कारभार मराठी मुलखाचा होता. कंपनीच्या फौजेतले अधिकारी मोल्सवर्थ यांनी कँडी बंधू आणि मराठी शास्त्री यांच्या मदतीने मराठी-इंग्रजी कोश तयार केला. तो १८३१ मध्ये निघाला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६० हजार शब्द होते. मोल्सवर्थ यांनीच सुरू केलेला उलट दिशेचा इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडी यांनी १८४७ मध्ये पुरा केला. इंग्रजी शिकू पाहणाऱ्या मराठी माणसाच्या हाती त्यामुळे मोठे साधन आले. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर तर पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिकल्या.

पण कोश एकाच प्रश्नाचे उत्तर देतो: या शब्दाचा अर्थ काय? हजारो शब्दांतले आधी कोणते शिकावेत, हे तो सांगत नाही.

हा दुसरा प्रश्न नेटाने हाती घेणाऱ्यांपैकी एक म्हणजे मायकेल वेस्ट. ते ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगालमधल्या मुलांच्या इंग्रजी वाचनाचा अभ्यास करून त्यांनी १९२६ मध्ये द्विभाषिकतेवर पुस्तक लिहिले. क्वचित भेटणाऱ्या शब्दांनी वाचनपाठ भरलेले असतात, म्हणून मुले अडखळतात, असे त्यांना दिसले. त्यांनी वारंवार लागणारे शब्द निवडले आणि नवे शब्द थोडे थोडे, पुन्हा पुन्हा येतील असे पाठ लिहिले. १९५३ मध्ये त्यांची सुमारे २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध झाली.

तिच्यापुढचे पाऊल २००० मध्ये न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी टाकले. कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या चारही शाखांचे मिळून सुमारे ३५ लाख शब्दांचे लेखन त्यांनी तपासले. वेस्ट यांच्या यादीत नसलेले, तरी चारही शाखांत वारंवार येणारे शब्द त्यांनी वेचले. ती ५७० शब्दकुटुंबे निघाली. 'व्हेरी', 'व्हेरिएबल', 'व्हेरिएशन' हे एकाच कुटुंबातले शब्द, म्हणजे एक ओळखला की बाकीचे अर्धे ओळखीचे होतात. अभ्यासाच्या लेखनातले साधारण दर शंभरातले दहा शब्द या यादीतले असतात. कथा-कादंबऱ्यांत मात्र हे प्रमाण शंभरात जेमतेम दीड भरले.

आमच्या प्रश्नाचे उत्तर या शेवटच्या आकड्यात आहे. शाळेतल्या इंग्रजीच्या पुस्तकात गोष्टी आणि कविता बऱ्याच असतात, तिथे हे शब्द क्वचितच भेटतात. मराठी माध्यमात विज्ञानाचे पुस्तक मराठी, तिथे ते भेटण्याचा प्रश्नच नाही. इंग्रजीच्या शिक्षकांना ते विज्ञानाचे वाटतात, विज्ञानाच्या शिक्षकांना इंग्रजीचे. दोन तासांच्या मधल्या फटीत ते हरवतात. अकरावीत मुलगी गप्प बसते, आणि आपण म्हणतो, "हिला विज्ञान झेपत नाही."

खरे तर या शब्दांमागच्या कल्पना मराठी माध्यमातल्या मुलांजवळ असतातच. भूमितीची सिद्धता आठवून पाहा. 'गृहीत धरू' म्हणजे 'अझ्युम'. 'यावरून सूत्र मिळते' यातले मिळवणे म्हणजे 'डिराइव्ह'. आलेख काहीतरी 'दर्शवतो', तो 'इंडिकेट' करतो. दहावीच्या बीजगणितात दोन चलांची समीकरणे येतात. त्यातला 'चल' म्हणजेच 'व्हेरिएबल'. कल्पना नव्याने शिकवायची नाही, तिला दुसरे नाव द्यायचे आहे.

हिशेब करून पाहू. आठवड्याला पाच कुटुंबे घेतली तर ५७० ला ११४ आठवडे लागतात. वर्षाचे ३८ आठवडे धरले तर आठवी, नववी आणि दहावी ही तीन वर्षे पुरतात. शब्द गणित-विज्ञानाच्या तासालाच, सिद्धता किंवा प्रयोग चालू असताना फळ्याच्या कोपऱ्यात लिहावा. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने तो झाकून विचारावा. एका बैठकीत घोकण्यापेक्षा अंतर ठेवून केलेली उजळणी अधिक टिकते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्येच दाखवले होते.

यासाठी वेगळा तास नको, वेगळे पुस्तकही नको. इंग्रजीच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी मधल्या सुट्टीत एकत्र बसून पहिले पाच शब्द ठरवले, तरी सुरुवात होईल.