कामा रुग्णालयातील ती रात्र

रुग्णालय हे अभयाचे स्थान होय, ही भावना मानवजातीत फार जुनी आहे. १८६४ च्या जिनिव्हा कराराने तिला कायद्याचे रूप दिले. लष्करी रुग्णालये व तेथे जखमींची शुश्रूषा करणारे यांना उभय पक्षांनी तटस्थ मानावे, असे त्यात ठरले. शांततेच्या काळात तर या मर्यादेचा भंग होण्याचे कारणच नव्हते. तथापि आपल्या मुंबईने सोळा वर्षांच्या अवधीत तो दोनदा पाहिला. त्यांपैकी दुसऱ्या प्रसंगाचा इतिहास आम्ही येथे मुख्यतः सांगणार आहोत.

पहिला प्रसंग १२ सप्टेंबर १९९२ चा. जे. जे. रुग्णालयाच्या अठरा क्रमांकाच्या वॉर्डात टोळीयुद्धातील मारेकरी बंदुकांसह शिरले. उपचार घेत असलेला विरोधी टोळीचा शैलेश हळदणकर व पहाऱ्यावरील दोन पोलीस त्यांच्या गोळ्यांना बळी पडले. पुढे काही महिन्यांतच, १९९३ च्या आरंभी, आपल्या रायगड किनाऱ्यावर दिघी व शेखाडी येथे शस्त्रे आणि स्फोटके उतरविण्यात आली. १२ मार्चच्या मुंबईतील स्फोटमालिकेत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. माणगावहून श्रीवर्धनकडे जाणाऱ्या आपल्या लोकांना शेखाडीचे नाव तेव्हापासून वेगळ्याच अर्थाने परिचित झाले. ज्या समुद्रावर आपल्या कोळी बांधवांची चूल पेटते, त्याच समुद्राने मृत्यूलाही वाट दिली होती.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा अतिरेकी समुद्रमार्गेच मुंबईत उतरले. त्यांपैकी अजमल कसाब व अबू इस्माईल या दोघांनी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर प्रवाशांचे हत्याकांड केले आणि तेथून ते जवळच्या कामा रुग्णालयाकडे वळले. पेस्तनजी होरमसजी कामा या पारशी दात्याच्या देणगीतून १८८६ मध्ये सुरू झालेले हे स्त्रिया व बालकांचे रुग्णालय. स्त्रियांवर स्त्री डॉक्टरांनीच उपचार करावेत, हा त्यामागील हेतू होता, आणि आरंभीच्या काळात एडिथ पीची या इंग्रज डॉक्टर महिलेने त्याची धुरा वाहिली. अशा घरात त्या रात्री बंदुका शिरल्या.

भानू नारकर व बबन उघडे हे दोन पहारेकरी प्रथम ठार झाले. पहिल्या मजल्यावरील गरोदर स्त्रियांच्या वॉर्डात त्या वेळी अंजली कुलथे या परिचारिका कामावर होत्या व त्यांच्याकडे वीस स्त्रिया होत्या. अतिरेकी आवारात शिरताना त्यांनी पाहिले. एक सहकारी स्त्री गोळी लागून जखमी झाली. तिला त्यांनी उपचारासाठी पोहोचविले. मग वॉर्डची अवजड दारे लावून घेतली, दिवे मालवले आणि त्या साऱ्या स्त्रियांना वॉर्डच्या टोकाच्या लहानशा पँट्रीत नेऊन बसविले. त्यातच उच्च रक्तदाब असलेल्या एका स्त्रीला प्रसूतिकळा सुरू झाल्या. डॉक्टर खाली येऊ शकत नव्हते. कुलथे यांनी तिचा हात धरून, भिंतीच्या कडेकडेने, वरच्या मजल्यावरील प्रसूतिकक्षात तिला नेले. बाहेर गोळीबार चालू असताना तेथे एक बालक सुखरूप जन्मले. त्या वीसही माता वाचल्या.

अप्पर पोलीस आयुक्त सदानंद दाते मोजक्या सहकाऱ्यांसह रुग्णालयात पोहोचले तेव्हा अतिरेकी वरच्या भागात होते. तेथील चकमकीत उपनिरीक्षक प्रकाश मोरे व शिपाई विजय खांडेकर यांनी प्राण वेचले. दाते स्वतः हातबॉम्बने जखमी झाले, तरी त्यांनी अतिरेक्यांना बराच वेळ गुंतवून ठेवले. त्यांच्या मदतीस निघालेले हेमंत करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर यांच्यावर रुग्णालयालगतच्या गल्लीत घाला पडला. त्या तीन दिवसांत १६६ निरपराध जीव गेले.

या घटनाक्रमावरून एक गोष्ट आम्हांस स्पष्ट दिसते. संकटाच्या पहिल्या घटकेला बाहेरची मदत पोहोचलेली नसते. ती घटका जे आत आहेत त्यांनाच निभवावी लागते. बंदूकधारी दिसताच पळा, लपा, नाइलाज झाला तरच प्रतिकार करा, असा उपदेश पाश्चात्त्य देशांत कामगारांना केला जातो. कार्यालयात तो योग्यच. परंतु सलाईन लावलेल्या रुग्णाने पळावे कसे, आणि त्याला सोडून परिचारिकेने जावे कोठे? ३० जून २०१७ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स-लेबनॉन रुग्णालयात तेथीलच एका माजी डॉक्टरने गोळीबार केला. एक डॉक्टर ठार, सहा जण जखमी झाले. त्या जखमींच्या मदतीसही त्याच इमारतीतील सहकारी धावले.

मुंबईच्या घटनेनंतर शासनाने 'फोर्स वन' हे सशस्त्र पथक उभारले. २०१४ मध्ये राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाली. २००८ च्या त्या रात्री ती सोय नव्हती. हे सारे आवश्यकच होते. परंतु पथके व वाहने येईपर्यंतची मिनिटे कोणी सांभाळायची, हा प्रश्न प्रत्येक रुग्णालयाने स्वतःच सोडवावयाचा असतो. कोणते दार आतून लागते, दिवे कोणी मालवायचे, चालता न येणाऱ्या रुग्णांना कोणत्या खोलीत न्यायचे, पोलिसांना कोणी कळवायचे, हे आधी ठरलेले व वर्षातून एकदा तरी करून पाहिलेले असावे. मुंबई-गोवा महामार्गावरील माणगावसारख्या गावी, जेथे अपघातग्रस्तांचा ओघ केव्हाही लोटतो, तेथे ही तयारी इतर संकटांतही उपयोगी पडेल. पहारेकरी व वॉर्डबॉय यांनाही तिच्यात बरोबरीचे स्थान हवे, कारण पहिला आघात त्यांच्यावरच होतो.

कुलथे यांनी पुढे तुरुंगात कसाबला ओळखले आणि न्यायालयात साक्ष दिली. साक्षीला जाताना त्यांनी आपला परिचारिकेचा गणवेशच परिधान केला. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढेही त्यांनी त्या रात्रीचे निवेदन केले. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांतून मुली हाच गणवेश घालून रात्रपाळीला बाहेर पडतात. आपण त्यांच्या पगाराची व बदलीची चौकशी करतो. त्यांच्या वॉर्डचे दार आतून नीट लागते की नाही, हेही आता एकदा विचारून घ्यावे.