पेंटेकोस्टल मंडळ्यांची अंतर्मुखता

पेंटेकोस्टल चर्चमध्ये नवागतांचा ओघ आटून मंडळी जुन्या सभासदांपुरती उरण्याची प्रक्रिया. पंथाचा उगम लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरील उपासनांशी (१९०६) जोडतात; तत्पूर्वी १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमधील मुलींत आत्मिक जागृती झाली होती (पहा : पंडिता रमाबाई). अन्य भाषांत बोलणे, एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करणे ही पंथाची मुख्य लक्षणे. जागृती ओसरली की तीच कुंपण ठरतात : ‘अभिषेक’, ‘साक्ष’ हे शब्द नवख्याला कोणी उलगडून सांगत नाही, तो मागच्या रांगेत गप्प उभा राहतो, सभासदत्व नात्यागोत्यात फिरते. गोव्यात मोपा (पेडणे) व डिचोली हा भाग हिंदुबहुल, तर ख्रिस्ती समाज मुख्यतः कॅथलिक (पहा : नव्या काबिजादी); ‘बिलीव्हर्स’ म्हणून वेगळ्या पडलेल्या मंडळ्यांना दोन्हीकडून अंतर जाणवते. आरंभी उल्लेखिलेल्या मुक्ती मिशनमधील जागृतीतून स्वतंत्र पंथ निघाला नाही. मात्र तेथील मिशनरी मिनी एब्रम्स यांच्या पुस्तकाद्वारे त्या जागृतीची वार्ता चिलीला पोहोचली आणि १९०९ मध्ये तेथे पेंटेकोस्टल चळवळ उभी राहिली.