मसूरचं स्टेशन आणि आमची आजी

इतिहास म्हटला की आपण ग्रंथ उघडतो. उघडलेच पाहिजेत. पण इतिहासाचं एक पान आपल्याच घरात, चुलीपुढं बसलेलं असतं, हे आम्हांला फार उशिरा कळलं.

आपल्या उंब्रजहून कृष्णा ओलांडली की मसूर जवळच. १९०१ साली याच मसूर स्टेशनवर लहानगे भीमराव, त्यांचे भाऊ व थोरल्या बहिणीची दोन मुले उतरली. आई भीमाबाई गेल्यावर साताऱ्यात या लेकरांवर मायेचा हात होता तो आत्याचा. वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यातील गोरेगावी तलावाच्या कामावर कॅशियर होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले त्यांच्याकडे निघाली होती. पण पत्र वडिलांच्या हाती पडलं नाही, न्यायला कोणी आलं नाही. जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. अखेर भाडं दुप्पट द्यायचं, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचं, असं ठरलं. शिदोरी भरपूर होती, पण प्यायला पाणी कुणी देईना. लेकरं रात्रभर उपाशी राहिली.

हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. १९९३ साली शासनाने काढलेल्या बाराव्या खंडात ते छापलेलं आहे.

तेव्हा आम्ही गिरणीत नवीन होतो. सुट्टीला गावी आलो, की आजीला वाचलेलं सांगायचो. आपण चार बुकं वाचली, आजी अडाणी, तिला आपणच शहाणं करणार, अशी आमची घमेंड! मसूरची हकिकत सांगितली तशी ती निवडत बसलेलं सूप खाली ठेवून म्हणाली, "आरं, मसूर तर नदीच्या पल्याड. आन् त्या लेकरास्नी घोटभर पाणी कुणीच दिलं न्हाई व्हय?"

मग हळूहळू तिने स्वतःचं सांगितलं. लहानपणी रिकामी घागर घेऊन ती विहिरीपासून लांब उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचं, नाहीतर ऊन डोक्यावर येईपर्यंत उभं राहायचं. आम्ही विचारलं, "आज्जी, एवढे दिवस बोलली का नाहीस?" म्हणाली, "तू कवा इचारलंस?"

आमची मान खाली गेली.

त्या उन्हाळ्यापासून आजीने दारात पाण्याचा माठ ठेवला. येणारा-जाणारा कोणत्याही जातीचा असो, तांब्या भरून द्यायची. मसूरला तहानलेल्या त्याच मुलाने २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. आजी महाडला गेली नव्हती. पण महाड तिला आमच्यापेक्षा जास्त कळलं होतं.

आज आजी नाही. तिचं बोलणं आम्ही वेळेवर लिहून घेतलं नाही, ही चूक कबूल करतो. म्हणून विहारात येणाऱ्या तरुण मुलामुलींना विनंती : घरी जा, आजीजवळ बसा, विचारा आणि वहीत लिहून घ्या. आपली माणसं पुष्कळ सोसून गेली. त्याची नोंद दुसरं कोण ठेवणार?

जय भीम! नमो बुद्धाय!