शिधा आणि शिदोरी : आगगाडीने घडविलेले मराठी स्वयंपाकघर

सुवर्णमहोत्सवी अंकात इतिहास लिहावयाचा म्हटला, म्हणजे स्थापनेची सभा, पहिली कार्यकारिणी, पहिला गणेशोत्सव आणि वास्तूच्या पायाभरणीचा समारंभ यांचा वृत्तांत येणे ओघानेच आले. तो या अंकात अन्यत्र आलेलाच आहे. परंतु पूर्व भारतात येऊन स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांचा आणखी एक इतिहास आहे. त्याची नोंद कोणत्याही इतिवृत्तात सापडणार नाही. तो पितळेच्या डब्यात, फिरकीच्या तांब्यात आणि जुन्या धोतराच्या स्वच्छ फडक्यात बांधून ठेवलेला आहे. तो इतिहास शिदोरीचा होय. हावड्याहून मुंबई सुमारे दोन हजार किलोमीटर. हे अंतर आपल्या वडीलधार्‍यांनी मोजले ते किलोमीटरांनी नव्हे, तर 'किती जेवणांचा प्रवास' या मापाने.

प्रथम शब्दांकडे वळू. 'शिधा' म्हणजे न शिजविलेले धान्य : तांदूळ, डाळ, पीठ, मीठ, तूप. 'शिदोरी' म्हणजे वाटेत खाण्यासाठी बांधून घेतलेले तयार अन्न. शेतावर जाणार्‍या कुणब्याची शिदोरी सकाळी बांधली जाई आणि दुपारी सुटे. लांबच्या प्रवासाला मात्र शिधाच उपयोगी पडे. कारण तो प्रवास पायी किंवा बैलगाडीने होई, मुक्काम रोज पडे आणि मुक्कामावर चूल मांडता येई. १८५७ साली पेण तालुक्यातील वरसईहून उत्तरेकडे निघालेले विष्णुभट गोडसे ऐन बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' हा वृत्तांत चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. पायी प्रवासाचे ते जग कसे होते, हे त्या पुस्तकावरून कळते. धर्मशाळा, नदीचा घाट, स्नान, मग स्वयंपाक आणि भोजन, असा तो क्रम. वाटसरू चालत असे, पण त्याचे स्वयंपाकघरही त्याच्याबरोबर चालत असे.

हा क्रम आगगाडीने मोडला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तेव्हा तो चौतीस किलोमीटरांचा प्रवास एक नवलच होता. शिदोरीचा प्रश्न त्यात नव्हता. पण १८६३ साली बोरघाट आणि १८६५ साली थळघाट रुळांनी ओलांडला, १८६७ साली गाडी नागपूरला पोचली आणि १८७० साली जबलपूर येथे दोन कंपन्यांचे रूळ जोडले जाऊन मुंबई-कलकत्ता हा सलग मार्ग सिद्ध झाला. पुढे १९०० साली बंगाल-नागपूर रेल्वेचे रूळ खरगपूरमार्गे हावड्याला भिडले, आणि नागपूर, रायपूर, बिलासपूर, चक्रधरपूर ही आपल्या सर्वांना पाठ असलेली वाट खुली झाली. आता गाडी रात्रंदिवस धावू लागली. स्थानकावर ती थांबे, पण चूल पेटवून भात शिजण्याइतकी कशी थांबणार? तेव्हा शिधा मागे पडला, आणि दोन-दोन, तीन-तीन दिवस टिकेल अशी शिदोरी घरूनच करून नेणे भाग झाले. एका दुपारची शिदोरी तीन दिवसांची झाली, ती रुळांमुळे.

टिकाऊपणाचे हे शास्त्र मराठी गृहिणीला नव्याने शिकावे लागले नाही. तिच्याजवळ ते होतेच. दशमी हे त्याचे उत्तम उदाहरण. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजविले, की पोळी मऊ राहते आणि लवकर विटत नाही. शिवाय सोवळ्याओवळ्याच्या हिशोबात, पाण्याचा स्पर्श नसल्यामुळे, ती खरकटी मानली जात नसे. मोहन घालून तळलेल्या तिखटमिठाच्या पुर्‍या, दाण्याची किंवा सुक्या खोबर्‍याची चटणी, गूळपापडी, बेसनाचे लाडू, चिवडा, मेतकूट, सातूचे पीठ या प्रत्येक पदार्थात पाणी काढून टाकण्याची किंवा मीठ, साखर, तेल, आंबटपणा यांनी अन्न राखण्याची युक्ती आहे. ओले खोबरे आणि शिजलेला कांदा प्रवासात वर्ज्य, तो त्याच कारणाने. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' छापले गेले आणि पाककृती मराठीत ग्रंथरूप झाली. शिदोरीचे शास्त्र मात्र बहुतांशी सासूकडून सुनेकडे आणि आईकडून लेकीकडे तोंडीच येत राहिले.

येथवरचे वर्णन गोड आहे, परंतु इतिहास लिहिणाराने एवढ्यावर थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शिदोरी ही केवळ सोय नव्हती. परक्याच्या हातचे न खाण्याची ती तटबंदीही होती. फलाटावर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशा आरोळ्या स्वातंत्र्यापर्यंत ऐकू येत. गाडीच्या बाकावर सर्वांना शेजारी-शेजारी बसावे लागे, पण डबा उघडताना अंग चोरून पाठ फिरविली जाई.

या तटबंदीची दुसरी बाजू १९०१ सालच्या एका प्रवासात दिसते. सातार्‍याहून काही मुले वडिलांना भेटण्यासाठी आगगाडीने निघून मसूर स्थानकावर उतरली. न्यावयास कोणी आले नव्हते. मुले महार जातीची आहेत असे कळताच गाडीवाले त्यांना नेण्यास तयार होईनात. अखेर दुप्पट भाड्यावर, मुलांनी स्वतः बैल हाकावेत आणि गाडीवानाने बरोबर चालावे, या अटीवर एक गाडी मिळाली. मुलांजवळ खाण्याचे भरपूर होते. मात्र वाटेत त्यांना कोणी प्यावयास पाणी दिले नाही, आणि पाण्यावाचून घास उतरेना, म्हणून ती भरल्या शिदोरीनिशी उपाशी निजली. त्यांतील एक मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. हा प्रसंग त्यांनी पुढे इंग्रजीत लिहून ठेवला आहे. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळ भरणार्‍या त्या हाताला ही तहान ठाऊक होती. तहानलाडू आणि भूकलाडू ही आपल्या कहाण्यांतली जोडी. पण भूकलाडू जवळ असूनही तहानलाडू समाजाने हिरावून घेतला, तर शिदोरीचा काय उपयोग? आपल्या आजी-पणजींच्या डब्यांचे कौतुक करताना हा प्रश्न विसरता येणार नाही.

गाडीनेच हळूहळू ही तटबंदी ढिली केली, हेही तितकेच खरे. तिसर्‍या वर्गाची गर्दी, घाण आणि फलाटावरचे वाईट खाद्यपदार्थ यांविषयी महात्मा गांधींनी १९१७ साली एक पुस्तिकाच प्रसिद्ध केली होती. त्या गर्दीत दोन रात्री एकत्र काढल्यावर लोकांची पाठ फार काळ फिरलेली राहत नसे. बिलासपूर येईपर्यंत आपली दाण्याची चटणी समोरच्या बंगाली कुटुंबाच्या लुचीबरोबर गेलेली असे, आणि त्यांचा संदेश आपल्या मुलांच्या हातात आलेला असे. आपल्यापैकी पुष्कळांचे बंगालीचे पहिले धडे शाळेत नव्हे, तर अशा डब्यांभोवती झाले.

आता या शिदोरीच्या तयारीकडे येऊ. प्रवास दोन दिवसांचा असला, तरी तयारी पुर्‍या आठवड्याची असे. घरातील आठवड्याला आधीच एक वळण होते. सोमवार, गुरुवार किंवा शनिवारचा उपास, मध्येच येणारी चतुर्थी किंवा एकादशी, आणि बाजाराचा दिवस या खुंट्यांवर सात दिवसांचा स्वयंपाक टांगलेला असे. सुटीत देशी जावयाचे ठरले, की गृहिणी निघण्याच्या दिवसापासून उलटी मोजणी सुरू करी. आठ दिवस आधी भाजणी, मेतकूट आणि सातू दळून ठेवावयाचे. पाच दिवस आधी लाडू आणि चिवडा करून, मुलांच्या नजरेआड, उंच फळीवर चढवावयाचे. त्यानंतर बाजारातून नवी भाजी आणावयाची नाही. आधी भोपळा, मग बटाटे, असे करीत टोपली रिकामी करावयाची. दोन दिवस आधी गवळ्याला दूध बंद करण्यास सांगावयाचे; उरलेल्या दुधातच दशम्यांचे पीठ भिजे. विरजणाची वाटी शेजारणीकडे जाई, कारण परत आल्यावर त्याच विरजणाचे दही लावावयाचे असे. निघण्याच्या पहाटे पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि पुर्‍या. पोळ्या पुरत्या निवल्यावाचून डब्यात भरावयाच्या नाहीत, नाहीतर वाफेचे पाणी सुटून दुसर्‍या दिवशी बुरशी धरते, हा दंडक कोणी मोडत नसे.

डबे भरण्याचाही क्रम ठरलेला. जे आधी नासणार ते वर, जे टिकणार ते तळाशी. पहिल्या जेवणाला पोळी-भाजी, आणि दुधात कालवून वर चमचाभर दही घातलेला भात. गाडीत तो आपोआप विरजून दहीभात होई. दुसर्‍या दिवशी दशम्या, पुर्‍या, चटणी आणि लोणचे. पुढे गाडीला उशीर झालाच, तर लाडू, चिवडा आणि गूळ घालून कालविलेले सातू. आठवड्याच्या स्वयंपाकाची आखणी म्हणतात ती याहून वेगळी काय असते? कागदावर एक अक्षर न लिहिता ती केली जाई. आणि एवढे करून, हलत्या डब्यात सर्वांना वाढून झाल्यावर, उरलेल्या तुकड्यांवर करणारणीचे जेवण होई. हेही इतिहासात लिहिले पाहिजे.

या आखणीला टंचाईच्या काळाने आणखी धार आणली. दुसर्‍या महायुद्धात १९४३ साली मुंबईत आणि १९४४ साली कलकत्त्यात शिधावाटप सुरू झाले. प्रवासातून मागे पडलेला 'शिधा' हा शब्द 'शिधापत्रिका' होऊन घरात परत आला, तो असा. माणशी मोजून मिळणार्‍या धान्यातून रोजचे जेवण भागवावयाचे आणि प्रवासासाठी मूठ-मूठ बाजूला काढावयाची, ही कसरत त्या पिढीने केली. त्याच १९४३ साली बंगालच्या दुष्काळात लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. त्या दिवसांत या प्रांतात राहिलेल्यांनी पानात अन्न टाकणे आयुष्यभर पाप मानले, यात नवल नाही. पुढे १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचे, सोमवारी रात्रीचे, जेवण सोडण्याचे आवाहन केले. सोमवार पाळणार्‍या आपल्या घरांना ते जड गेले नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या व्रताला देशकार्याचा अर्थ मिळाला, एवढेच.

आपले मंडळ स्थापन झाले त्या सुमारास गाड्याही बदलत होत्या. १९७४ साली तिसरा वर्ग रद्द झाला. १९७७ च्या डिसेंबरात हावडा-मुंबई गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली, ती वर्गभेद नसलेली गाडी म्हणून. त्या वेळचे रेल्वेमंत्री प्रा. मधु दंडवते यांनी दुसर्‍या वर्गाच्या उघड्या लाकडी फळ्यांवर गादी घातली, ही गोष्ट पाठ धरून घरी पोचलेला प्रवासी कधी विसरणार नाही. प्रवास तीस-एकतीस तासांवर आला. डबेही आपोआप कमी झाले.

परतीच्या शिदोरीचे स्वरूप मात्र निराळे. ती वाटेत खाण्यासाठी नसे, वर्षभर पुरविण्यासाठी असे. गोडा मसाला, आमसुले, थालीपिठाची भाजणी, कुरडया, पापड, आणि तेल गळू नये म्हणून चार पदरी फडके बांधलेली लोणच्याची बरणी. जाताना इकडून खजुराचा गूळ आणि गोविंदभोग तांदूळ गेलेला असे. एका प्रांताची चव दुसर्‍या प्रांताच्या स्वयंपाकघरात अशी ट्रंकांतून आणि पिशव्यांतून पोचली. आपल्या मंडळाच्या कोजागरीला आणि संक्रांतीला जे पदार्थ होतात, त्यांचा मसाला कित्येक वर्षे याच वाटेने येत होता.

आज पाण्याच्या बाटल्या गाडीत विकत मिळतात, आणि भ्रमणध्वनीवरून मागविलेले जेवण पुढच्या स्थानकावर आसनापर्यंत येऊन पोचते. तरुण मंडळी विमानाने अडीच-तीन तासांत मुंबई गाठतात. शिदोरीची गरज संपली, असे वाटावे अशी ही स्थिती. पण ८ मे २०२० रोजी टाळेबंदीच्या काळात जालन्याहून पायी निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असता मालगाडीखाली चिरडले गेले. भुसावळला जाऊन मध्य प्रदेशातील आपल्या गावाकडची गाडी पकडावी, एवढीच त्यांची आशा होती. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या पोळ्यांचे छायाचित्र सार्‍या देशाने पाहिले. ती शिदोरीच होती. घरापासून दूर पोट भरावयास गेलेल्या माणसाची शिदोरी, आपल्या पूर्वजांनी बांधली होती तशीच.

म्हणून या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी एवढेच सुचवावेसे वाटते. ज्या घरांत अजून फिरकीचा तांब्या किंवा पितळेचा कडीचा डबा असेल, त्यांनी तो मोडीत न घालता मंडळाच्या संग्रहात द्यावा, आणि ज्यांना दशमीचे, सातूचे, मेतकुटाचे प्रमाण ठाऊक असेल त्यांनी ते लिहून ठेवावे. आणि पुढच्या वेळी गाडीने देशी जाताना चार दशम्या जास्तच घ्याव्यात. समोरच्या बाकावर कोण बसेल हे आपल्या हातात नसते, पण डबा त्याच्यापुढे करणे आपल्या हातात असते. बाबासाहेबांसारख्या एका मुलाला भरला डबा जवळ असताना ज्या देशात उपाशी निजावे लागले, त्या देशात शिदोरीचे सार्थक ती सोडण्यात आहे, तितकेच ती वाटण्यात आहे.